एकतीस दिवसांचा गल्ला

आज जमलं तर कागद-पेन्सिल हाताशी घ्या. पोळ्या लाटत असाल तर नुसतं ऐका. आकडे मासिकात छापून येतील तेव्हा सावकाश पडताळता येतील.

समजा, जानेवारीच्या एक तारखेला आपण गल्ल्यात एक रुपया टाकला. दोन तारखेला दोन रुपये, तीनला चार, चारला आठ. रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. पहिल्या आठवड्यात काही वाटत नाही. सात तारखेला चौसष्ट रुपये टाकायचे, गल्ल्यात एकूण एकशे सत्तावीस. दहा तारखेला पाचशे बारा टाकताना हात जरा थबकतो. वीस तारखेला सव्वापाच लाखांच्या आसपास लागतात. आणि एकतीस तारखेला एकाच दिवशी एकशे सात कोटींच्या वर. महिनाअखेर गल्ला फोडला की निघतात २,१४,७४,८३,६४७ रुपये. वाचायचं दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

एवढी बेरीज करायची म्हणजे वही भरेल असं वाटतं, पण लागत नाही. गल्ल्यात कुणीतरी आधीच एक रुपया विसरून गेलं होतं असं धरा. मग पहिल्या दिवशीचा एक आणि तो एक मिळून दोन. दुसऱ्या दिवशीचे दोन घातले की चार. तिसऱ्या दिवशीचे चार घातले की आठ. म्हणजे गल्ला रोज फक्त दुप्पट होत जातो. दोनाला एकतीस वेळा मांडून गुणाकार करा आणि शेवटी तो विसरलेला रुपया काढून घ्या. म्हणून गणितवाले या आकड्याला ‘दोनचा एकतिसावा घात वजा एक’ म्हणतात. आपण एकतीस दिवसांचा गल्ला म्हणू.

आता वाटपाकडे येऊ. गल्ल्यातले पैसे मैत्रिणींत सारखे वाटायचे, रुपया मोडायचा नाही, मागे काही उरू द्यायचं नाही. फेब्रुवारीच्या अठ्ठावीस दिवसांचा गल्ला तिघींत बरोबर वाटला जातो. लीप वर्षातला एकोणतीस दिवसांचा गल्ला जरा हट्टी आहे, तो तिघींत, पाचजणींत, सातजणींत बसत नाही, पण २३३ जणी जमल्या तर चोख बसतो. एप्रिलचा, जूनचा तीस दिवसांचा गल्ला पुन्हा तिघींत जातो. एकतीस दिवसांचा मात्र कितीही जणी बोलावल्या तरी सारखा वाटला जात नाही. एकटीने सगळा घ्यावा, नाहीतर दोन अब्ज चौदा कोटी बायका गोळा करून प्रत्येकीच्या हातावर एकेक रुपया ठेवावा. तिसरा मार्ग नाही.

अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात, हे शाळेत झालेलं आहे. रांगोळीचे ठिपके आठवा. बारा ठिपके तीन ओळींत चार-चार मांडता येतात. तेरा ठिपक्यांची एकच लांब ओळ होते, चौकोन काही केल्या जमत नाही. तेरा ही मूळ संख्या. तेराचं आपल्याला दिसतं, हाताने मांडून पाहता येतं. पण दोन अब्ज चौदा कोटी ठिपक्यांचा चौकोन होणारच नाही, हे कुणी आणि कसं ठरवलं? आजचं बोलणं त्याबद्दल आहे. अमुक इतक्या जणींत करून पाहिलं आणि जमलं नाही, एवढ्याने ‘कधीच जमणार नाही’ असं म्हणता येत नाही. एकोणतीस दिवसांचा गल्ला बघा ना, २३३ पर्यंत धीर धरला नसता तर तोही मूळ आहे असं आपण छातीठोकपणे सांगितलं असतं.

आणि तसं सांगणारे होऊनही गेले. इटलीत बोलोन्याला पिएत्रो कातालदी नावाचे गणिती होते. सतरा आणि एकोणीस दिवसांचे गल्ले मूळ आहेत हे त्यांनी खरोखर भागाकार करकरून दाखवलं, आणि ते बरोबर होतं. पण १६०३ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यांनी पुढे जाऊन तेवीस, एकोणतीस, एकतीस आणि सदतीस दिवसांचेही गल्ले मूळ आहेत असं लिहून टाकलं. तेवीसचा गल्ला ८३,८८,६०७ रुपयांचा. तो ४७ जणींत सरळ वाटता येतो. सदतीसचा २२३ जणींत वाटता येतो. या दोन्ही चुका १६४० मध्ये फ्रान्सच्या पिएर द फर्मा यांनी पकडल्या. एकोणतीसचं आपण पाहिलंच. चारांतलं एकच विधान खरं निघालं, एकतीसचं. तेही कातालदींनी सिद्ध केलेलं नव्हतं, खडा मारला आणि तो लागला. नंतर १६४४ मध्ये मारॅं मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी अशी एक यादी केली. तिच्यातही एकतीस होता आणि चुकाही होत्या. तरी या जातीच्या मूळ संख्यांना आजही मर्सेन मूळ संख्या म्हणतात. नाव राहायला सगळंच बरोबर असावं लागतं असं नाही.

या यादीतले आकडे बघितले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. गल्ला मूळ व्हायचा असेल तर दिवसांची संख्या आधी मूळ हवी. कारण सोपं आहे. सहा दिवसांचा गल्ला घ्या. पहिल्या तीन दिवसांचे एक, दोन, चार मिळून सात. पुढच्या तीन दिवसांचे आठ, सोळा, बत्तीस मिळून छप्पन्न, म्हणजे पुन्हा सातच्या पाढ्यातले. तीन-तीन दिवसांचा कुठलाही गठ्ठा सातच्या पाढ्यातच येतो. तसेच दोन-दोन दिवसांचे गठ्ठे केले तर सगळे तीनच्या पाढ्यात. म्हणून अठ्ठावीस आणि तीस दिवसांचे गल्ले तिघींत वाटले गेले. एकतीस दिवसांचे असे सारखे गठ्ठे पडतच नाहीत.

पण उलट मात्र खरं नाही. अकरा ही मूळ संख्या आहे, अकरा दिवसांचा गल्ला २,०४७ रुपयांचा, आणि २३ गुणिले ८९ बरोबर २,०४७. तेवीस आणि एकोणतीसही असेच फसवे. मग एकतीसचं खरं काय?

सरळ मार्गाने जायचं तर भागाकार करत सुटायचं. निदान एवढं बरं की सगळे आकडे तपासायला नकोत. गल्ला सारखा वाटला गेला तर दोन आकडे मिळतात, किती जणी आणि प्रत्येकीला किती रुपये. त्यांतला एक लहान असणारच, आणि तो ४६,३४० च्या वर जाऊ शकत नाही, कारण ४६,३४१ ला ४६,३४१ ने गुणलं की आपण गल्ल्याच्या पुढे जातो. तेव्हा ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून बघायचं. त्याही सुमारे चार हजार आठशे आहेत. एका भागाकाराला तीन मिनिटं धरा, घरातलं आवरून रोज चार तास मिळतात असं धरा (मिळोत बापड्या!), तर दोन महिने गेले. आणि एक भागाकार चुकला तर सगळंच वाया.

हे काम १७७२ च्या सुमारास लेओनार्ड ऑयलर यांनी पुरं केलं. ते मूळचे स्वित्झर्लंडच्या बाझलचे, पण राहायला रशियात सेंट पीटर्सबर्गला. वय पासष्टच्या घरात. एक डोळा तरुणपणीच अधू झाला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू झाला, १७७१ मधली शस्त्रक्रिया वाया गेली आणि दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. ते मनात गणित करायचे आणि मुलांना, सहायकांना सांगून लिहून घ्यायचे. चार हजार आठशे भागाकार अशा माणसाने तोंडी करायचे म्हणजे अशक्यच. त्यांनी भागायला बसण्याआधी विचार करून बहुतेक भागाकार काढूनच टाकले. हे कसं केलं ते आम्ही जरा सावकाश सांगतो, कारण या सगळ्या गोष्टीत आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे.

रोज गल्ल्यात टाकायची रक्कम सातने भागा आणि बाकी लिहा. पहिल्या दिवशी एक, मग दोन, मग चार. चौथ्या दिवशी आठ रुपये, सातने भागून बाकी एक. मग पुन्हा दोन, चार, एक. बाकीचं हे चाक दर तीन दिवसांनी एकवर परत येतं. प्रत्येक विषम मूळ संख्येचं असं स्वतःचं चाक असतं. सातचं तीन दिवसांचं, पाचचं चार दिवसांचं, तेवीसचं अकरा दिवसांचं. फर्मा यांना या चाकांबद्दल एक नियम सापडला होता. मूळ संख्येतून एक वजा करा, त्या संख्येत चाकाचे दिवस नेहमी पूर्ण वेळा बसतात. सातातून एक गेला, सहा, त्यात तीन दोनदा बसतात. तेवीसातून एक गेला, बावीस, त्यात अकरा दोनदा बसतात.

आता समजा एखाद्या मूळ संख्येने एकतीस दिवसांचा गल्ला बरोबर भागला. बत्तिसाव्या दिवशी टाकायची रक्कम गल्ल्यापेक्षा एका रुपयाने जास्त असते, म्हणजे तिची बाकी एक. चाक एकतीस दिवसांनी एकवर आलं. मग त्या चाकाची लांबी एकतीसमध्ये पूर्ण वेळा बसायला हवी, आणि एकतीस स्वतःच मूळ असल्यामुळे ती एकतीसच असणार. म्हणून त्या संख्येतून एक वजा केला की उरलेल्याला एकतीसने भाग जायला हवा. उरलेली संख्या सम आहे, तेव्हा बासष्टनेही जायला हवा. झालं! बासष्टच्या पाढ्यापेक्षा एकाने जास्त असलेल्या संख्याच उमेदवार. बाकीच्या सगळ्या न भागताच बाद.

मागची उदाहरणं यावर ताडून बघा. अकरा दिवसांच्या गल्ल्याला बावीसचा पाढा लागेल. २३ म्हणजे बावीस अधिक एक, ८९ म्हणजे अठ्ठ्याऐंशी अधिक एक. एकोणतीस दिवसांच्या गल्ल्याला अठ्ठावन्नचा पाढा. २३३ म्हणजे अठ्ठावन्न चोक दोनशे बत्तीस, अधिक एक. बरोबर बसतं.

ऑयलर यांच्याजवळ आणखी एक चाळण होती. उमेदवाराला आठने भागलं तर बाकी एक किंवा सातच राहायला हवी. हे का, ते सांगायला आणखी एक बैठक लागेल, आज ते तसंच घ्या. दोन्ही चाळण्यांतून ४६,३४० पर्यंत उरतात फक्त ३७३ संख्या. चार हजार आठशेंच्या जागी तीनशे त्र्याहत्तर! त्यांतही कित्येक मूळ नसतात, त्या सोडूनच द्यायच्या. पहिली उरलेली संख्या ६३, ती मूळ नाही. मग २४९, तीही नाही. मग ३११, ही मूळ आहे. करा भागाकार. ३११ ने भागलं की ३५ उरतात. पुढे ४९७, ५५९, ७४५ वगैरे सगळ्या मोडणाऱ्या, त्यानंतरची मूळ संख्या थेट १,३०३. असं करत शेवटपर्यंत गेलं तरी बाकी शून्य कुठेच येत नाही. ऑयलर यांनी हा निकाल बर्लिनच्या बेर्नुली यांना पत्राने कळवला. तेव्हा माहीत असलेली ही सगळ्यात मोठी मूळ संख्या होती, आणि पुढेही बरीच वर्षं राहिली.

गणिताचा कार्यक्रम केला की आम्हाला हमखास विचारलं जातं, ‘पण याचा उपयोग काय?’ प्रश्न वावगा नाही. मात्र या आकड्याबद्दल तो दोनशे वर्षांपूर्वीच विचारून झाला आणि उत्तरही देऊन झालं. इंग्लंडचे पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये अंकशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्यात आपला आकडा आहे, आणि त्याच्यापासून बनणारी परिपूर्ण संख्याही आहे. परिपूर्ण म्हणजे जिला भाग जाणाऱ्या, तिच्याहून लहान सगळ्या संख्यांची बेरीज तिच्याइतकीच होते ती. सहा घ्या, एक, दोन, तीन मिळून सहा. अठ्ठावीस घ्या, एक, दोन, चार, सात, चौदा मिळून अठ्ठावीस. कुठलाही मूळ गल्ला त्यात टाकलेल्या शेवटच्या रकमेने गुणला की परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडच्या काळापासून ठाऊक होतं. दोन दिवसांचा गल्ला तीन, शेवटची रक्कम दोन, गुणाकार सहा. आपल्या एकतीस दिवसांच्या गल्ल्यातून २,३०५,८४३,००८,१३९,९५२,१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते. बार्लो यांनी म्हटलं की हिच्याहून मोठी बहुधा कधी सापडणारच नाही, कारण या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा पुढची शोधायला कोण बसणार?

बसले. १८७६ मध्ये फ्रान्सच्या एदुआर लुका यांनी भागाकाराशिवायच निकाल लावण्याची युक्ती काढली आणि तीसच्या दशकात अमेरिकेच्या डेरिक लेमर यांनी ती सोपी केली. ती एवढी सोपी आहे की आत्ता रेडिओवर करून दाखवता येते. सात दिवसांचा गल्ला घेऊ, १२७. सुरुवात नेहमी चारपासून. चारचा वर्ग सोळा, वजा दोन, चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४. ते १२७ च्या वर गेले, म्हणून १२७ ने भागून बाकी घ्यायची, ६७. सदुसष्टचा वर्ग वजा दोन ४,४८७, बाकी ४२. बेचाळीसचा वर्ग वजा दोन १,७६२, बाकी १११. एकशे अकराचा वर्ग वजा दोन १२,३१९. याला १२७ ने भागलं की बरोबर ९७ चा भाग जातो, बाकी शून्य. पायऱ्या दिवसांपेक्षा दोन कमी, म्हणजे पाच, आणि पाचव्या पायरीला शून्य आलं तर गल्ला मूळ. नाही आलं तर मूळ नाही. अकरा दिवसांच्या गल्ल्यावर हेच केलं तर नवव्या पायरीला शून्याऐवजी १,७३६ येतात. आपल्या गल्ल्याला ३७३ भागाकारांच्या जागी एकोणतीस पायऱ्या पुरतात. १९९६ पासून जगभरचे हजारो हौशी लोक घरचे संगणक जोडून हाच शोध चालवत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलेली मूळ संख्या १३,६२,७९,८४१ दिवसांच्या गल्ल्याएवढी आहे. नुसती लिहायची तर चार कोटी दहा लाखांवर अंक लागतात.

इथे एक मोह होतो. पाच दिवसांचा गल्ला एकतीस, तो मूळ. एकतीस दिवसांचा गल्ला, तोही मूळ. मग तेवढ्या, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी दिवसांचा गल्ला केला तर? सुमारे अठ्ठावन्न लाख ऐंशी हजार वर्षं रोज पैसे टाकावे लागतील ही अडचण बाजूला ठेवा. तो आकडा लिहायला चौसष्ट कोटींवर अंक लागतील. तरीही तो मूळ नाही हे आपल्याला पक्कं माहीत आहे, कारण २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ या संख्येने त्याला भाग जातो. या संख्येतून एक वजा करा. जे राहील ते आपल्या एकतीस दिवसांच्या गल्ल्याच्या बरोबर १,३७,४९० पट भरतं. तोच फर्मा-ऑयलर यांचा नियम. जी रक्कम कुणी कधी लिहूनही काढणार नाही, तिचं वाटप कितीजणींत होईल ते आपण सांगू शकतो!

आता उपयोगाचं. आपल्या घरांत हा आकडा आलेला आहे, फक्त ओळख झालेली नाही. संगणक आकडा लिहितो तो बटणांच्या ओळीत, प्रत्येक बटण चालू किंवा बंद. पहिलं बटण एकचं, पुढचं दोनचं, मग चारचं, आठचं. बरीच वर्षं एका आकड्यासाठी बत्तीस बटणं द्यायची रीत होती, त्यांतलं एक ‘अधिक की वजा’ सांगायला. राहिली एकतीस. सगळी चालू केली की होतो आपला गल्ला, ना एक कमी ना एक जास्त. हिशेबाच्या वहीत रकमेसाठी चारच घरं आखली तर ९,९९९ नंतर काय लिहायचं हा प्रश्न पडतो, तसं या यंत्रांचं २,१४,७४,८३,६४७ नंतर होतं. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवर ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन गाणं पाहिल्याची मोजणी या आकड्यापलीकडे गेली, आणि मोजणीची घरं वाढवल्याचं कंपनीने जाहीर केलं. (इथे आकडा मूळ आहे याचा काही संबंध नाही, एकतीस बटणांमुळे तो आला. उगाच श्रेय द्यायला नको.)

गाण्याचं काय, ते गमतीचं. वेळेचं तसं नाही. पुष्कळ संगणक १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. ग्रिनिचला तेव्हा मध्यरात्र होती, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. त्या पहाटे एखादी बाई सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न उठता मोजायला बसली असती, तर आपल्या आकड्यापर्यंत ती मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी पोचेल. जुन्या यंत्रांत त्यापुढच्या सेकंदाला ‘अधिक-वजा’चं बटण उलटतं आणि तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडते. २०३८ लांब वाटतं. पण २०१८ मध्ये लेकीच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं उघडलं असेल तर ते एकवीस वर्षांनी, २०३९ मध्ये मुदत पुरी करतं. वीस वर्षांचं घरकर्ज आज घेतलं तर तेही त्या मंगळवारच्या पलीकडे जातं. घाबरायचं कारण नाही. नवे फोन आणि संगणक चौसष्ट बटणं वापरतात, आणि ती २९२ अब्ज वर्षं पुरतात. काळजी आहे ती जुन्या, कुठेतरी भिंतीत बसवून विसरलेल्या यंत्रांची, आणि ती बदलण्याचं काम चालू आहे. आपण आपल्या पावत्या आणि भरलेलं पासबुक जपून ठेवावं, ते तर एरवीही ठेवायचंच. जाता जाता, चौसष्ट बटणांतलं एक चिन्हाला गेलं, राहिली त्रेसष्ट. त्रेसष्ट दिवसांचा गल्ला मूळ आहे का? तीन-तीनचे गठ्ठे पाडा. सातजणींत सरळ वाटला जातो.

आकडा मूळ आहे याचाच उपयोग हवा असेल तर भिशीच्या चिठ्ठ्यांकडे चला. संगणकाला डबा हलवून चिठ्ठी काढता येत नाही, त्याला कृती लागते. सहाजणींची भिशी आहे. एकपासून सुरुवात करा, तीनने गुणा, सातने भागा, बाकी घ्या. १, मग ३, २, ६, ४, ५, आणि पुन्हा १. सगळ्यांचा नंबर एकेकदा लागला, कुणी राहिलं नाही, आणि क्रमही विस्कळित. आता आठजणींची भिशी घ्या, दोनने गुणा, नऊने भागा. १, २, ४, ८, ७, ५, आणि पुन्हा १. तीन आणि सहा नंबरच्या बायकांनी जन्मभर हप्ते भरले तरी त्यांची चिठ्ठी निघणार नाही! नऊ ही मूळ संख्या नाही, तीन एकदा या चाकाबाहेर पडला तो बाहेरच राहिला. दुसऱ्या कुठल्याही आकड्याने गुणून पाहा, नऊबरोबर आठही जणींचा नंबर कधीच लागत नाही. भागणारी संख्या मूळ हवी, आणि गुणणारी नीट निवडलेली हवी.

१९६९ मध्ये आयबीएमच्या मोठ्या संगणकांसाठी लुइस, गुडमन आणि मिलर या तिघांनी अशीच कृती केली. गुणायचं १६,८०७ ने, म्हणजे सात पाच वेळा मांडून केलेल्या गुणाकाराने, आणि भागायचं आपल्या गल्ल्याने. एकपासून निघालं की १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३, असं दोन अब्ज चौदा कोटी चिठ्ठ्यांतली एकही न चुकवता आणि एकही दोनदा न काढता चाक फिरतं. योगायोगावर चालणाऱ्या गोष्टी संगणकावर करून बघायला ही कृती पुढे अनेक वर्षं वापरली गेली. मात्र एक चिठ्ठी कळली की पुढची कुणीही काढू शकतं, म्हणून खरी सोडत किंवा फोनवर येणारा ओटीपी यांना ती चालत नाही. ऑनलाइन व्यवहारांच्या कुलपांतही मूळ संख्या असतात, पण त्या तीनशे-तीनशे अंकी. आपला दहा अंकांचा गल्ला तिथे फारच छोटा पडतो.

वेळ होत आली. ज्यांच्या हातात अजून पेन्सिल आहे त्यांच्यासाठी तेरा दिवसांचा गल्ला देतो, ८,१९१ रुपये. चारपासून सुरुवात करा, वर्ग, वजा दोन, ८,१९१ ने भागून बाकी. अकरा पायऱ्या आहेत. सातव्या पायरीला ३६ आले तर वाट बरोबर आहे, आणि दहावीला १२८ आले तर अकरावी न करताच सांगता येईल.